सायकलची ‘साइज’ कशी ठरवायची? डांबरीवर पळणाऱ्या आणि पाणंदीत चालणाऱ्या सायक्लोक्रॉस सायकलच्या मापाचे सोपे गणित

डिजिटल डेस्क, परभणी

मोबाइलवर सायकल पसंत पडली. रंग ठरला, गिअर ठरले, महिन्याचा हप्ता किती बसेल तेही पाहून झाले. मग स्क्रीनवर शेवटची चौकट येते : ‘साइज निवडा’. खाली आकडे असतात, ४८, ५०, ५२, ५४, ५६. कुठे आकड्यांच्या जागी फक्त एस, एम, एल. बहुतेक जण इथे अंदाजाने बोट ठेवतात आणि मोकळे होतात.

या एका बोटावर बरेच काही अवलंबून असते. सीट वर-खाली करता येते, हँडल बदलता येते, टायर बदलता येतात. फ्रेम मात्र बदलता येत नाही. ती चुकली की सायकल विकावी लागते किंवा अंगण्यात उभी राहते. मोठ्या महागड्या सायकलींचे सगळे साइज एका छताखाली पाहायचे तर परभणीकरांना छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठावे लागते, म्हणून अनेक जण ऑनलाइनच मागवतात. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण कौतुकाने सांगतो, पण सायकलच्या मापाला हे धोरण लावले तर गुडघा आणि खिसा दोन्ही दुखतात.

चांगली गोष्ट ही, की माप काढायला एक भिंत, एक जाड पुस्तक आणि एक टेप एवढेच लागते. ते कसे, हे टप्प्याटप्प्याने पाहू.

आधी एक गोंधळ दूर करू : ‘२६ इंची’ म्हणजे काय?

सायकलच्या दुकानात ‘किती इंची पाहिजे?’ असे विचारले जाते आणि आपण २४ किंवा २६ म्हणतो. हे माप चाकाचे आहे, फ्रेमचे नाही. एकाच २६ इंची चाकावर लहान, मध्यम आणि मोठी फ्रेम येऊ शकते.

जुन्या काळ्या सायकलींच्या बाबतीत उलटे होते. तेव्हा ‘बावीस इंची’ आणि ‘चोवीस इंची’ हे माप फ्रेमचे असे, चाके दोन्हींना २८ इंचीच. घरातली चोवीस इंची सायकल पोरांना मोठी पडायची, म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून कैची मारत सायकल शिकलेली पिढी आजही गावोगाव आहे. म्हणजे मोठ्या फ्रेमचा त्रास आपल्याला नवा नाही, फक्त त्याला नाव नव्हते.

सायक्लोक्रॉस आणि रोड सायकलींना जवळपास सगळीकडे ‘७०० सी’ चाक असते. त्याच्या रिमचे, टायर जिथे बसतो तिथले माप ६२२ मिलिमीटर. जुन्या काळ्या सायकलीच्या २८ बाय दीड इंची टायरचे तेच माप ६३५ मिलिमीटर असते. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. त्यामुळे अशी सायकल घेताना एक जादा टायर आणि दोन ट्यूब सोबतच मागवणे शहाणपणाचे.

सायक्लोक्रॉस म्हणजे काय आणि परभणीत तिचे काय काम?

सायक्लोक्रॉस हा युरोपातला हिवाळी सायकल शर्यतीचा प्रकार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये तो रुजला, १९५० मध्ये पॅरिसला पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढे बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सायकलपटूंनी त्यावर मोठा ठसा उमटवला. शर्यत सुमारे तासाभराची. अडीच ते साडेतीन किलोमीटरच्या चक्रात गवत, वाळू, चिखल, चढ आणि आडव्या फळ्या असतात. जिथे सायकल चालवता येत नाही तिथे ती खांद्यावर टाकून पळायचे.

यासाठी बनवलेली सायकल दिसते रेसिंग सायकलसारखी, खाली वळलेल्या हँडलची. पण टायर रुंद, त्यावर खाचा, आणि टायर व फ्रेम यांच्यामध्ये चिखल निघून जाईल एवढी मोकळी जागा. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आपल्याला शर्यत करायची नसेल तर हा नियम लागू नाही. फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर घालता येतो.

आपल्याकडे या शर्यतींची फारशी परंपरा नाही, पण जमीन मात्र तीच परीक्षा घेणारी आहे. परभणी ते गंगाखेड किंवा परभणी ते जिंतूर हे चाळीसेक किलोमीटरचे रस्ते डांबरी. त्यांना सोडून आत वळले की खडी, मुरूम आणि पुढे पाणंद. उन्हाळ्यात पाणंदीत भुसभुशीत धूळ आणि बाभळीचे काटे, पावसाळ्यात काळी चिकण माती. ही माती टायरला असा लेप देते, की वीस पावलांत चाक फिरायचे थांबते. अशा ठिकाणी निव्वळ रेसिंग सायकल अडकते आणि जाड टायरची एमटीबी डांबरीवर दम काढते. सायक्लोक्रॉस किंवा तिची आरामशीर बहीण ‘ग्रॅव्हल’ सायकल मधला मार्ग देते.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत झाल्यापासून तर अशा सायकलींची चौकशी करणाऱ्यांना प्रश्नही नवे पडत आहेत. त्यातला पहिला प्रश्न मापाचाच असायला हवा.

पहिले माप : उंची नव्हे, इनसीम

उंचीवरून फक्त अंदाज येतो. खरे माप म्हणजे इनसीम, जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची. शिंप्याकडचे पँटचे आतले माप इथे चालणार नाही, कारण पँट सैल असते आणि टाचेच्या वर संपते. ते काही सेंटिमीटरने कमीच भरते.

घरी माप असे घ्या :

• अनवाणी, पाठ आणि टाचा भिंतीला टेकवून उभे राहा. पायांत साधारण वीतभर अंतर ठेवा.
• जाड बांधणीचे पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये आडवे धरा. त्याची एक कड भिंतीला पूर्ण टेकलेली हवी.
• सायकलच्या सीटवर बसल्यासारखा दाब येईपर्यंत पुस्तक वर ओढा.
• दुसऱ्या कोणाला तरी पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची खूण करायला सांगा.
• जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. असे तीनदा करून सरासरी घ्या.

तिन्ही वेळा एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर पुस्तक तिरके होत आहे असे समजा.

आता गणित

समजा इनसीम ७८ सेंटिमीटर आहे.

१) रोड सायकलची फ्रेम : इनसीम × ०.६७. म्हणजे ७८ × ०.६७ = ५२.२६. जवळची फ्रेम ५२.

२) सायक्लोक्रॉसची फ्रेम : वरच्या उत्तरातून १ ते २ सेंटिमीटर वजा. उत्तर येते ५० ते ५१. म्हणजे ५० किंवा ५२ यांत निवड करायची.

३) सीटची उंची : इनसीम × ०.८८३. म्हणजे ७८ × ०.८८३ = ६८.९ सेंटिमीटर. हे अंतर पायडल ज्या धुऱ्याभोवती फिरते तिच्या, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत मोजायचे.

सायक्लोक्रॉसला लहान फ्रेम का? दोन कारणे. एक, या प्रकारात वारंवार उतरावे आणि चढावे लागते, तेही खाचखळग्यांच्या जागी. मधला दांडा आणि जांघ यांच्यात पुरेशी जागा नसेल तर अपघात नाजूक जागी होतो. दोन, सायक्लोक्रॉस सायकलीत बॉटम ब्रॅकेट रोड सायकलीपेक्षा थोडे वर बसवलेले असते, जेणेकरून पायडल दगडाला किंवा बांधाला घासू नये. ते वर गेले की सीट आणि दांडा दोन्ही जमिनीपासून वर जातात.

उंचीवरून पटकन अंदाज हवा असेल तर हा ढोबळ तक्ता. कंपनीगणिक यात एखाद्या साइजचा फरक पडतो.

• उंची १५३ ते १६१ सेंमी : फ्रेम ४८ ते ५०
• उंची १६२ ते १६७ सेंमी : फ्रेम ५० ते ५२
• उंची १६८ ते १७४ सेंमी : फ्रेम ५२ ते ५४
• उंची १७५ ते १८० सेंमी : फ्रेम ५४ ते ५६
• उंची १८१ ते १८७ सेंमी : फ्रेम ५६ ते ५८

तक्ता कुठे फसतो ते पाहा. दोन भावांची उंची १७० सेंटिमीटर, पण एकाचा इनसीम ७६ आणि दुसऱ्याचा ८१. सूत्राने पहिल्याला ५०.९ आणि दुसऱ्याला ५४.३ येते. उंची एकच, फ्रेममध्ये साडेतीन सेंटिमीटरचा फरक. पण लांब पायांच्या भावाचे धड तेवढेच आखूड असणार. त्याने पायांकडे पाहून ५४ घेतली तर हँडल लांब पडेल. इथे पुढचे माप कामाला येते.

स्टॅक आणि रीच : आलेखातला एक बिंदू

दहावीच्या भूमितीतले एक्स आणि वाय अक्ष आठवा. बॉटम ब्रॅकेटचे केंद्र हा शून्य बिंदू. तिथून सरळ वर गेले की हँडल जिथे फ्रेमला जोडले जाते त्या नळीच्या माथ्याची उंची मिळते, ती ‘स्टॅक’. आडवे पुढे गेले की त्याच माथ्यापर्यंतचे अंतर मिळते, ते ‘रीच’. स्टॅक जास्त म्हणजे तुम्ही ताठ बसता. रीच जास्त म्हणजे तुम्हाला पुढे ताणावे लागते.

हे दोन आकडे महत्त्वाचे, कारण आजच्या फ्रेमचा मधला दांडा मागे उतरता असतो. ‘५४’ असे लिहिलेल्या फ्रेमची सीटखालची नळी प्रत्यक्षात ५० सेंटिमीटरची निघू शकते. एका कंपनीची ५४ दुसरीच्या ५२ सारखी असू शकते. नावाचा आकडा फसवतो, स्टॅक आणि रीच फसवत नाहीत. ते कंपनीच्या वेबसाइटवर ‘जॉमेट्री’ या तक्त्यात मिलिमीटरमध्ये दिलेले असतात.

ताडून पाहण्यासाठी सोपी पद्धत : ओळखीच्या एखाद्याची सायकल तुम्हाला चांगली बसत असेल तर तिच्या मॉडेलचे स्टॅक-रीच शोधा आणि नव्या सायकलीशी तुलना करा. रीचमध्ये १० मिलिमीटरचा फरकही चालवताना जाणवतो.

एक बारकावा. हँडलखाली कड्या, म्हणजे स्पेसर घालून ते वर घेता येते. पण ती नळी सरळ उभी नसते, सुमारे ७२ अंशांत मागे झुकलेली असते. त्यामुळे १० मिलिमीटरची कडी घातली की हँडल साडेनऊ मिलिमीटर वर येते आणि तीन मिलिमीटर मागेही येते. म्हणून दोन फ्रेमचा रीच सारखा पण स्टॅक वेगळा असेल, तर कमी स्टॅकच्या फ्रेमवर कड्या घातल्यावर ती प्रत्यक्षात आखूड होते.

लांब पायांच्या भावाचे उत्तरही यातच आहे. त्याने रीच पाहून ५२ घ्यावी आणि सीट उंच करावी. आखूड पाय आणि लांब धड असणाऱ्याने दांड्यावर जागा राहील अशी लहान फ्रेम घेऊन हँडलची मान, म्हणजे स्टेम, १० मिलिमीटरने लांब करावी.

दोन साइजच्या मध्ये अडकलात तर?

सायक्लोक्रॉससाठी सर्वसाधारण नियम : लहान घ्या. लहान फ्रेमला सीट वर करून, स्टेम लांब करून मोठे करता येते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा.

• सीटच्या नळीवर ‘किमान आत’ दाखवणारी रेघ असते. ती रेघ बाहेर दिसेल इतकी सीट वर घ्यावी लागत असेल तर फ्रेम लहान आहे. तशी चालवली तर नळी वाकू शकते, फ्रेमही तडकू शकते.
• स्टेम मूळ मापापेक्षा २० मिलिमीटरहून जास्त लांब किंवा आखूड करावा लागत असेल तर वळणावरचा ताबा बदलतो. फ्रेमचा साइजच चुकला आहे.

डांबरीवर लांब अंतर करायचे असेल, उदाहरणार्थ २०० किलोमीटरची ब्रेव्हे, जी साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते, तर स्टॅक थोडा जास्त असलेली फ्रेम पाठीला सोसते. अशा वापरासाठी मधल्या मापात मोठी फ्रेम किंवा सरळ ग्रॅव्हल सायकल पाहिलेली बरी.

१५५ सेंटिमीटरच्या आसपास उंची असणाऱ्यांनी, विशेषतः मुली-महिलांनी, आणखी एक तपासणी करावी. लहान फ्रेमवर ७०० सीचे मोठे चाक बसवले की हँडल वळवताना बुटाचे टोक पुढच्या चाकाला लागू शकते. पायडल आडवे ठेवून हँडल दोन्हीकडे वळवून पाहा. लागत असेल तर लहान, ६५० बी चाकाची सायकल विचारा.

खांद्यावर घेऊन पाहा

दुकानात सायकल चालवून पाहतात, उचलून कोणी पाहत नाही. सायक्लोक्रॉसमध्ये हे आवश्यक आहे. उजवा हात फ्रेमच्या तिकोनातून घालून मधला दांडा खांद्यावर टेकवा आणि हँडल धरा. फ्रेम फारच लहान असेल किंवा तिकोनात बाटलीचे दोन स्टँड बसवलेले असतील तर खांदा आत शिरत नाही. जुलै महिन्यात पाणंदीत चाके मातीने जाम झाली की अर्धा किलोमीटर हाच एक मार्ग उरतो. म्हणून मातीत जाणार असाल तर बाटलीचा एकच स्टँड, तोही पुढच्या तिरक्या नळीवर, ठेवा.

माप चुकले की शरीर सांगते

गंगाखेडला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. ताशी २० च्या वेगाने चार तास. मिनिटाला ७५ फेरे धरले तर एकेक गुडघा १८ हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. सीट एक सेंटिमीटर चुकीची असेल तर ती चूक १८ हजार वेळा होते.

• गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते : बहुधा सीट खाली आहे.
• गुडघ्याच्या मागे ओढ बसते, कंबर डावी-उजवीकडे हलते : बहुधा सीट वर आहे.
• तळहाताला मुंग्या, मान आणि खांदे आखडणे : हँडल लांब किंवा फार खाली आहे.
• कंबर आणि पाठ दुखते, बसल्यावर गुडघे हातांना अडखळतात : फ्रेम आखूड पडते आहे.

आधी सीट पाच-पाच मिलिमीटरने बदलून पाहा, एका वेळी एकच बदल. दुखणे तरीही राहिले तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा.

शाळेच्या सायकलीलाही हेच लागू

परभणीत सायकल म्हटले की बहुतेक घरांत आधी शाळा आठवते. मानव विकास कार्यक्रमात परभणीसह राज्यातील २३ जिल्ह्यांच्या १२५ तालुक्यांत शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. २०२२ मध्ये ते ५ हजार रुपये करण्यात आले. रक्कम बँक खात्यात येत असल्याने सायकल निवडणे पालकांच्या हातात असते, आणि इथेच ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेण्याचा मोह होतो.

गणवेश दोन इंच सैल घेतला तर दुमडता येतो. सायकल मोठी घेतली तर मुलगी थांबताना एका बाजूला कलंडते. दप्तर कॅरिअरला, मागून ट्रक, आणि पाय जमिनीला पोहोचत नाहीत, हे चित्र नको असेल तर दुकानात तीन गोष्टी करून पाहा :

• सीट सगळ्यात खाली असताना मुलीच्या दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत.
• हँडल धरून बसल्यावर कोपर किंचित वाकलेले हवे, हात ताठ नको.
• ब्रेकची दांडी बोटांच्या मधल्या पेरात आली पाहिजे, फक्त टोकांनी ओढावी लागू नये.

हे २६ इंची चाकावर जमत नसेल तर २४ इंची घ्या. वर्षभरात उंची वाढली की सीट वर करता येते. सीटच्या उंचीचा जुन्या मिस्त्रींचा एक ठोकताळाही आहे : सीट काखेत धरा, हात सरळ खाली सोडा, बोटांची टोके पायडलच्या धुऱ्याला टेकली की उंची जवळपास बरोबर. काटेकोर नाही, पण अंदाजापेक्षा बरा.

जुनी सायकल घेत असाल तर

पुण्या-मुंबईतून वापरलेली सायकल मागवताना विक्रेत्याकडून चार गोष्टी मागा : मॉडेलचे नाव आणि वर्ष, सीटखालच्या नळीची केंद्रापासून माथ्यापर्यंतची लांबी, टेप लावलेला फोटो, आणि त्याचा स्वतःचा इनसीम. ‘माझी उंची पाच-आठ आहे, मला बसते’ हे उत्तर पुरेसे नाही, ते वरच्या दोन भावांनी दाखवलेच आहे.

ऑनलाइन नवी घेत असाल तर पैसे भरण्यापूर्वी परत करण्याची अट वाचा. साइज चुकल्यास बदलून मिळते का आणि परत पाठवण्याचा खर्च कोणाचा, हे दोन प्रश्न लेखी विचारा. खोके उघडल्यावर लगेच पाणंदीत नेऊ नका. टायरला माती लागली की ‘न वापरलेली’ म्हणता येत नाही.

थोडक्यात

• चाकाचे इंच आणि फ्रेमचे माप वेगळे.
• इनसीम तीनदा मोजा. × ०.६७, त्यातून १ ते २ सेंमी वजा : सायक्लोक्रॉसची फ्रेम.
• इनसीम × ०.८८३ : सीटची उंची.
• अंतिम निवड स्टॅक आणि रीच पाहून.
• बूट घालून दांड्यावर उभे राहा, जांघेखाली किमान ३ ते ५ सेंमी जागा हवी.
• मध्ये अडकलात तर लहान घ्या. मात्र सीटच्या नळीवरची रेघ ओलांडू नका.
• सायकल शाळेची असो की हौसेची, वाढत्या अंगाची घेऊ नका.